ॲम्प्लिफायरशिवाय वाजेल असा ओपन-बॅक हेडफोन

फोनला थेट लावलेला ओपन-बॅक (कपांची बाहेरची बाजू जाळीची, उघडी असलेला) हेडफोन बरेचदा हळू वाजतो, वर तासाभरात कान दुखतात. घेण्याआधी एवढं बघा:

१. इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ५० ओहमपर्यंत असावा. सेनहायझरचा एचडी ५९९ ५० ओहमचा आहे, फोनवर चालतो. एचडी ६०० मात्र ३०० ओहमचा.

२. नुसत्या ओहमवर भुलू नका. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेत किती मोठा आवाज निघतो ते, मिलिवॅटला १०० डेसिबलच्या वर हवी. प्लेनर (सपाट पडदा चुंबकांमध्ये कंप पावतो असे) हेडफोन कमी ओहमचे असूनही अनेकदा दबकेच वाजतात.

३. वजन २५० ग्रॅमच्या आसपास, गाद्या मखमली. कान आत पूर्ण मावला पाहिजे. चष्मा असेल तर तो घालूनच दहा-पंधरा मिनिटं लावून बसा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

आवाज बाहेर ऐकू जातो, म्हणून लोकल किंवा ऑफिससाठी हा प्रकार घेऊ नका.