व्हॉल्व्हचा जुना रेडिओ हाती लागलाय? या चुका टाळा

माळवदाच्या घरातल्या फडताळावरून व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, लाकडी रेडिओ खाली उतरवला, की कुणीतरी लगेच म्हणतं, "लावून तर बघू." आणि वायर प्लगात जाते. इथंच सगळ्यात जास्त रेडिओ मरतात.

वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या सेटातले कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) गळके होतात, म्हणजे त्यांतून नको तिथं वीज झिरपते, आणि इलेक्ट्रोलिटिक जातीचे कंडेन्सर सुकतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या नळीच्या) ग्रिडवरचा एक छोटा कागदी कंडेन्सर गळका असला, तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. रेडिओ थोडा वेळ छान गातो, मग जळका वास येतो. तो कंडेन्सर आधीच बदला. व्होल्टेज सिलेक्टर ११० वर नाही ना, तेही बघा. पहिल्यांदा वीज द्याल ती ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी बल्बातून जाईल असा, लावूनच. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

पुढची चूक जिवावर बेतते. व्हॉल्व्हचे नंबर 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१), तर अशा सेटात बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेन्सच्या (घरच्या विजेच्या) एका वायरीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला, की त्या पत्र्यावर २३० व्होल्ट. बटणाच्या स्क्रूच्या भोकात मेण भरलेलं दिसतं ते त्यासाठीच. घाण समजून ते खरवडू नका. 'ई'चे व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टचे असतात. 'डी'चे, म्हणजे डीके ९६ वगैरे, बॅटरी सेटचे. वीज न पोचलेल्या गावांत असले सेट ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालत. त्याला मेन्सची वायर जोडलीत तर सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातील.

एक चूक माझी स्वतःची. माळवदाची पांढरी माती काचेवर बसली होती, म्हणून डायल काढून साबणाच्या ओल्या कपड्यानं पुसली. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात. कपडा उचलला तर त्यावर 'सिलोन'ची सोनेरी अक्षरं, काच कोरी. त्या डायलकडं बघितलं की आजही वाईट वाटतं. आतली बाजू मऊ, कोरड्या ब्रशनं झटका, बास. व्हॉल्व्हवरचे नंबरही असेच पुसले जातात. पुसट असतील तर काचेवर तोंडाची वाफ सोडा, बऱ्याचदा उमटतात.

ओळख पुढच्या पाटीवरून ठरवू नका. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात मर्फी, बुश, नॅशनल एको अशी पाटी बघून पैसे मोजण्याआधी मागचा पुठ्ठा उघडा. मॉडेल नंबर तिथं किंवा चेसिसवर असतो. चेसिसच्या स्क्रूंची भोकं पेटीशी जुळतात, की दुसराच सेट बसवायला नवी पाडलीत? डायलवर किलोसायकल असेल तर सेट बहुधा जुना, किलोहर्ट्झ असेल तर नंतरचा, कारण हर्ट्झ हे एकक १९६० साली अधिकृत झालं. रेडिओसोबत पोस्टाचं लायसन्स पुस्तक (पूर्वी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा) मिळालं तर जपून ठेवा. तिकिटांवरच्या शिक्क्यांवरून सेट कधीपासून वापरात होता ते कळतं.

पेटीला पॉलिश पेपर मारू नका, वरचं व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा थर, कागदाएवढं पातळ असतं. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत रेडिओ ठेवू नका, व्हिनियरचा सरस सुटतो.

चेसिस बाहेर काढण्याआधी डायलच्या दोऱ्याचा, कप्प्यांवरच्या प्रत्येक वळणासकट, मोबाइलवर फोटो घ्या.