किडनीच्या यादीत नाव लावताना

मृत दात्याच्या किडनीसाठी नाव परस्पर लावता येत नाही. नाशिकच्या रुग्णाचं नाव प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फतच पुण्याच्या ‘झेडटीसीसी’कडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, जातं; नाशिक त्याच विभागात येतं. डायलिसिस सुरू झालं की लगेच विषय काढा, कारण यादीतला क्रम ठरवताना त्यावर काढलेल्या काळाला गुण मिळतात.

पासष्टी ओलांडली म्हणून कोणी परत पाठवलं तर गप्प बसू नका. ती अट २०२३ मध्ये निघाली, अधिवासाचीही. वय नव्हे, तब्येतीला ऑपरेशन झेपेल का, हे बघायचं, आणि तेच न्यायाचं आहे.

नाव लागल्यावर घात होतो तो रक्तामुळे. परकं रक्त चढलं की अँटिबॉडीज, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होऊ शकतात. मग किडनी आली तरी क्रॉसमॅच (दात्याशी जुळतं का, ही रक्ताची चाचणी) पॉझिटिव्ह येतो, म्हणजे जुळत नाही, आणि ती पुढच्या रुग्णाला जाते. हिमोग्लोबिन उतरलं तर आधी रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचं विचारा. जिवावर बेतलं असेल तर मात्र रक्त घ्यायलाच हवं.

किडलेली दाढ आत्ताच काढून घ्या; तिच्यातल्या संसर्गाने ऐनवेळी ताप असला तर संधी हुकू शकते. मोबाइल नंबर बदलला तर त्याच दिवशी रुग्णालयात कळवा.

‘पैसे द्या, नंबर वर आणतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परतवा. अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षांची कैद आहे, आणि पैसे देणाराही त्यात येतो.