अँटेनाची तार कापण्याआधी या चुका टाळा

यावलकडच्या एका तरुण हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, ऐन वैशाखात मला त्याच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, बोलावलं. चाळीस मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तारेची अँटेना, जुळवायचा होता 7.1 मेगाहर्ट्झला. "काका, दोन्हीकडून दहा-दहा सेंटीमीटर कापली, तरी आकडा जेमतेम हलतो." पायाशी तांब्याच्या तारेचे तुकडे पडले होते, आणि हा गडी पुन्हा पक्कड उचलतोय!

एवढी तार कापली की अनुनाद, म्हणजे अँटेना ज्या वारंवारतेला जुळते तो आकडा, साधारण 70 किलोहर्ट्झ वर सरकायलाच हवा. सरकत नसेल तर थांबा, तुम्ही अँटेना मोजतच नाही. या गड्याने नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं छोटं यंत्र, यंत्राच्याच तोंडाशी कॅलिब्रेट केलं होतं (मोजणीचा शून्यबिंदू तिथे ठरवला होता) आणि यंत्र ते अँटेना मध्ये दहा मीटर आरजी-58 ही कोॲक्स केबल होती. केबल इम्पिडन्स (अँटेनाचा एकूण विद्युत विरोध) फिरवते, मग त्यातला रिॲक्टन्स, जो अनुनादाला शून्य व्हायला हवा, भलत्याच ठिकाणी शून्य दिसतो. मी केबलला आणखी दोन मीटरचा तुकडा जोडला, शून्य लगेच सरकलं. अँटेनाचा अनुनाद केबल बदलून असा सरकत नाही.

मग ओपन, शॉर्ट, लोड हे कॅलिब्रेशनचे तिन्ही तुकडे केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लावून, 6.5 ते 7.5 मेगाहर्ट्झ ही रेंज ठरवून पुन्हा कॅलिब्रेशन केलं. खरा अनुनाद निघाला 7.24. दोन्हीकडे वीस-वीस सेंटीमीटर तार परत जोडावी लागली. कॅलिब्रेशनला पाच मिनिटं लागतात. ती वाचवायची घाई मला अजिबात पटत नाही.

मी तर आधी कापतच नाही. 143 भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे 7.1 ला एकूण तार सुमारे 20.14 मीटर, वर थोडी जास्त ठेवतो, टोक मागे दुमडून तारेलाच पिळतो आणि आकडा जमला की मगच छाटतो.

केबल हातात धरल्यावर आकडा बदलला तर केबलच अँटेना झाली आहे; फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) घाला. अंगणात कमरेएवढ्या उंचीवर मोजलेलं बांबूवर चढवल्यावर टिकत नाही. पत्र्याजवळही तेच.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला की लांब तारेवर स्थिर वीज साचते. नॅनोव्हीएनए जोडण्याआधी केबलची मधली पिन स्क्रूड्रायव्हरने बाहेरच्या कडीला टेकवा. मी दर वेळी टेकवतो, कधी कधी बारीक ठिणगी दिसते.