पेंग्विन कोणत्या किनाऱ्यावरचा? चेहरा पाहून ओळखा

शाळेचा प्रोजेक्ट आला की आपली पोट्टी नागपूरच्या बर्डी बाजारातून चार्टपेपर आणतात, कापूस चिकटवून बर्फ करतात अन् नेटवरून प्रिंट काढलेले सगळे पेंग्विन त्याच्यावरच उभे करून टाकतात. कापूस जरा बाजूला ठेवा बाप्पा. पेंग्विनच्या साधारण 18 जाती धरतात, त्यातल्या अंटार्क्टिकाच्या बर्फाळ किनाऱ्यावर पिल्लं काढणाऱ्या मोजक्याच.

आधी फोटो मोठा करून चेहरा पहा. डोळ्याजवळ किंवा चोचीच्या मुळाशी पिसं नसलेली गुलाबी कातडी दिसली तर पक्षी गरम किनाऱ्यावरचा आहे, कारण अंगातली उष्णता तो तिथूनही बाहेर टाकतो. मग छाती पहा. एकच काळा पट्टा अन् डोळ्याच्या वर गुलाबी असेल तर आफ्रिकन पेंग्विन, केपटाऊनजवळच्या बोल्डर्स बीचवर लोक अंघोळ करतात तिथंच हे फिरून राहतात. 2024 पासून हा अतिसंकटग्रस्त यादीत आहे, पोस्टरवर हे नक्की लिहा. पट्टा एकच पण गुलाबी चोचीच्या मुळाशी असेल तर हम्बोल्ट. दोन पट्टे दिसले तर मॅगेलॅनिक, अर्जेंटिनाचा पुंता तोंबो किनारा.

हम्बोल्टवर जरा वेळ द्याच. पेरू-चिलीचा किनारा म्हणजे वाळवंट, पण दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो अन् खोल पाणी वर येताना मासळीचं खाद्य वर आणते, म्हणून पेंग्विन तिथं टिकतो. घरटं तो समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात, ग्वानोत, बीळ खोदून करायचा, अन् माणसानं तो ग्वानो खत म्हणून खणून नेला, त्यामुळे बिळं करायला जागाच कमी उरली. मला हे फार लागतं. अशाच थंड प्रवाहांच्या आधारानं गालापागोस पेंग्विन पार विषुववृत्तावर लाव्हाच्या फटीत राहतो.

आता उलटं. अर्धी चोचच पिसांनी झाकलेली अन् डोळ्याभोवती पांढरं कडं असेल तर अॅडेली, अंटार्क्टिकाचा. पण अंडी तो उघड्या खडकावर गोटे रचून घालतो, त्यामुळे त्याच्याखाली कापूस नको, खडे चिकटवा. कापूस खरा लागतो तो एम्परर पेंग्विनला, समुद्राच्या गोठलेल्या पाण्यावर बाप दोनेक महिने अंडं पायावर घेऊन उभा असतो. किंग पेंग्विन दिसायला तसाच, पण कानाजवळचा नारिंगी डाग जास्त भडक, अन् किनारा दक्षिण अटलांटिकमधल्या साऊथ जॉर्जियासारख्या बेटांचा.

डोक्यावर पिवळा तुरा असला तर बहुतेक खडकाळ बेटं, पण फियोर्डलँड पेंग्विन न्यूझीलंडच्या ओल्या जंगलात घरटं करतो, त्याला झाडं काढून द्या.

प्रत्यक्ष पाहायचे असतील तर नागपूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठा, भायखळ्याच्या राणीबागेत हम्बोल्ट आहेत, 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून आणले होते. पोट्ट्यांना काचेजवळ नेऊन आधी चोचीचं गुलाबी शोधायला लावा, मग पट्टा मोजायला. बुधवारी राणीबाग बंद असते, तेवढं पाहून तिकीट काढा.