अद्भुत जग लिहायचंय? आधी पावत्या दाखवा

नवा लेखक फँटसी कादंबरीचं हस्तलिखित वाचायला देतो तेव्हा सोबत बहुधा एक जाडजूड वही असते. वहीत नकाशा, राजघराण्यांच्या वंशावळी, तीन चंद्रांची नावं, देवांची उतरंड. कादंबरी मात्र तिसऱ्या प्रकरणात रुतलेली. मी वही मिटून ठेवतो आणि विचारतो, "तुझ्या जगातल्या मांत्रिकाला पगार कोण देतं?" समोरचा गोंधळतो. कुणाकुणाला रागही येतो. पण उत्तर शोधायला बसला की कादंबरी हलायला लागते.

माझी नोकरी हिशेब तपासण्याची होती. निवृत्तीनंतर भुताखेतांच्या गोष्टी लिहायला लागलो, तरी तपासनिसाची नजर काही गेली नाही. खर्च दिसला की पावती मागायची, पावती मिळाली की माल कुठे आहे ते बघायचं. वाचक हेच करत असतो, फक्त त्याच्या ते लक्षात येत नाही. तुम्ही म्हणालात "राजवाड्यावर अदृश्य भिंत होती", तर तो मान डोलावतो. पण पुढच्या पानावर त्याच राजवाड्यात कबुतरं उडताना दिसली की त्याच्या मनात कुठेतरी आक्षेप नोंदला जातो. असे चारपाच आक्षेप साचले की पुस्तक उशाशी पडून राहतं.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या १९३९ मधल्या एका व्याख्यानातून पुढे परीकथांवरचा निबंध तयार झाला. त्यात हिरव्या सूर्याचा दाखला आहे. ‘हिरवा सूर्य’ असं म्हणणं कुणालाही जमतं; तो हिरवा सूर्य खरा वाटेल असं जग उभं करायला कष्ट आणि विचार लागतो. हे कष्ट नेमके कुठे करायचे, एवढंच मला सांगायचंय.

माझ्या मते सगळ्यात उत्तम धडा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत आहे. लोकांना त्यातले सुळे आठवतात, मला पेट्या आठवतात. काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू पिशाच्चाला आपल्या मायभूमीच्या मातीतच विसावावं लागतं, असा नियम. मग त्याला इंग्लंडला जायचं तर माती न्यावी लागणार. म्हणून मातीच्या ५० पेट्या जहाजानं व्हिटबीला येतात, तिथून रेल्वेनं लंडनला, मग गाडीवानांकरवी एका ओसाड घरात. नायक मंडळी राक्षसाचा माग कसा काढतात? माल पाठवल्याची कागदपत्रं बघून आणि पेट्या उचलणाऱ्या हमालांना चार पैसे देऊन. त्या हमालांना भुताबितांशी काही देणंघेणं नाही. धुळीनं घसा कोरडा पडला, एवढीच त्यांची तक्रार. घरात मोजल्या तर पेट्या २९ निघतात. उरलेल्या २१ कुठे गेल्या, या साध्या वजाबाकीवर पुढची भीती उभी राहते. अमानवी काउंटवर आपला विश्वास बसतो तो त्या तहानलेल्या हमालांमुळे.

आता स्वतः करून बघू. जग नेहमीचंच ठेवा आणि एकच नियम बदला. समजा, मेलेला माणूस मेल्यानंतरच्या पहिल्या सूर्यास्तापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत बोलू शकतो. हलत नाही, उठत नाही, फक्त बोलतो. उजाडलं की कायमचा गप्प.

नियम सुचला की लगेच कथानकाकडे धावू नका. कागद घ्या आणि यात फायदा कुणाचा, तोटा कुणाचा, ते लिहीत सुटा. मृत्युपत्राचं काय होईल? लोक ते करणारच नाहीत, "रात्री सांगू" म्हणतील. मग त्या रात्री खोलीत कोण बसणार यावरून भावंडांत जुंपेल. सांगितलेलं लिहून घ्यायला तटस्थ माणूस लागेल. झाला एक धंदा तयार. त्याला आपण रातकारकून म्हणू. रातकारकून लाच खाणार, म्हणून दोघांनी मिळून नोंद करावी असा कायदा येणार. दोघांची फी ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मेलेल्या माणसाचा शब्द न्यायालयात टिकणार नाही. आपण अजून एकही पात्र उभं केलेलं नाही, आणि अन्याय तयार आहे.

खुनी काय करेल? सूर्यास्ताच्या आत प्रेताची विल्हेवाट लावेल. पण हुशार खुनी त्याहून पुढचा विचार करेल: सूर्यास्त झाल्या झाल्या खून केला तर पुढच्या सूर्यास्तापर्यंत जवळजवळ अख्खा दिवस हाताशी राहतो. म्हणजे या जगातली माणसं मध्यरात्रीला घाबरणार नाहीत, दिवेलागणीला घाबरतील. आया मुलांना तेवढा एक तास घराबाहेर सोडणार नाहीत. ही भीती आपली आपण तयार झाली, आणि ती फक्त याच जगाची आहे. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून उसनी आणलेली भीती वाचक लगेच ओळखतो.

मेलेला खोटं बोलू शकतो का? बरेच जण "नाही" म्हणतात, कारण ते भारदस्त वाटतं. मी "हो" म्हणेन. खोटं अशक्य केलंत तर प्रत्येक खून एका रात्रीत उलगडतो आणि तुमच्या हातात फक्त पोलिसी पंचनामा उरतो. खोटं शक्य ठेवलंत की निव्वळ जुन्या वैरापायी निरपराध शेजाऱ्याचं नाव घेऊन गप्प होणारा म्हातारा मला लगेच दिसायला लागतो.

मग तोच नियम पृथ्वीच्या गोलावर पसरून बघा. विषुववृत्ताजवळ रात्र वर्षभर साधारण १२ तासांची. ६० अंश उत्तर अक्षांशावर जूनच्या उत्तरार्धात ती पाच तासांच्या आसपास येते. ध्रुववृत्ताच्या बऱ्याच पलीकडे गेलात तर उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. मग तिथे उन्हाळ्यात मेलेल्यांचं काय? त्यांचा पहिला सूर्यास्त थेट ऋतूच्या अखेरीस. तोवर प्रेतं बर्फाच्या तळघरात जपायची, आणि मग एका रात्री सगळी एकदम बोलायला लागणार. ती रात्रही अगदी तोकडी, कारण सूर्य बुडून लगेच वर येणार. रातकारकुनांची काय धांदल उडेल! याउलट हिवाळ्यातल्या शेवटच्या सूर्यास्ताआधी जो मेला, तो आठवडेच्या आठवडे बडबडत राहील. असलं काही मला बसल्या बसल्या सुचत नाही. नियम आणि खगोलशास्त्र शेजारी शेजारी मांडलं की ते बाहेर पडतं.

शक्तीला मर्यादा हवी, हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, मर्यादा अशी हवी की ती पात्राला दोन्ही बाजूंनी अडवेल. वेताळपंचविशीतला विक्रम बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं. आणि शक्तीचा साठा मोजका असेल तर तो वाचकाला दिसू द्या. कर्णाकडे इंद्रानं दिलेली शक्ती एकदाच वापरता येणारी, तीही कवचकुंडलं देऊन मिळवलेली. खरेदीची पावती आपण पाहिलेली असते. ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवली आहे, हेही माहीत असतं. चौदाव्या दिवशी युद्ध रात्रीही चालू राहतं. राक्षसांचं बळ रात्री वाढतं, हा दुसरा नियम इथे कामाला येतो, घटोत्कच कौरवसेना कापत सुटतो, आणि कर्णाला ती शक्ती त्याच्यावर खर्च करावी लागते. दोन नियम एकमेकांवर आदळले आणि त्यातून प्रसंग घडला. तुमच्या वहीतले कुठले दोन नियम असे आदळू शकतात ते शोधा. आदळत नसतील तर त्यातला एक बिनकामाचा आहे, खुशाल काटा.

नियम वाचकाला किती समजावून सांगायचा? ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसी लेखकानं २००७ मध्ये यावर एक सूत्र मांडलं: जादूनं अडचण सोडवून वाचकाचं समाधान करायचं असेल, तर वाचकाला ती जादू जितकी समजली असेल तितकंच ते जमतं. साहसकथेला हे चोख लागू पडतं. मात्र जादू अडचण सोडवत नसून निर्माण करत असेल, तर तिचं कोडं राहिलं तरी बिघडत नाही. भयकथेत तर राहायलाच हवं. तुम्हाला स्वतःला मात्र सगळं माहीत पाहिजे. लेखकालाच कोडं पडलं असेल तर ते पानावर लपत नाही.

लेखक अद्भुत गोष्टींवर खूप मेहनत घेतात आणि साध्या गोष्टीत पकडले जातात. चंद्राचं उदाहरण घ्या. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पुढे दररोज तो सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. शुद्ध द्वितीयेची कोर संध्याकाळी पश्चिमेला थोडा वेळ दिसते आणि मावळते. तरी माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत मध्यरात्री पूर्वेकडून नाजूक कोर वर येते आणि तिच्या प्रकाशात चेटकीण पानं खुडते. चेटकिणीवर माझा विश्वास बसायला तयार असतो. त्या कोरीवर बसत नाही, आणि मग चेटकीणही हातची जाते. आकाशात तीन चंद्र ठेवणार असाल तर भरती-ओहोटीचा विचार करा, नाहीतर तुमच्या कोळ्यांनी होड्या कधी लोटायच्या?

उडत्या प्राण्यांचं तसंच. आकार सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर वजन आठपट होतं आणि पंखांचं क्षेत्रफळ फक्त चौपट. आकार वाढवण्यातली ही मेख गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात हाडांच्या संदर्भात मांडली आहे. आजचा अँडियन काँडॉर हा गिधाडाच्या जातीचा थोराड पक्षी १५ किलोच्या आसपास थांबतो. तुमचा ड्रॅगन हत्तीएवढा असेल तर तो पंखांच्या जोरावर उडत नाही, जादूवर उडतो. हरकत नाही. पण मग जादू शोषून घेणाऱ्या दरीवरून जाताना तो कोसळला पाहिजे. आणि त्याला रोज खायला काय लागतं, ते कोण पुरवतं, हे एकदा लिहून ठेवा.

अलौकिक पात्राचं वर्णन करताना तेजस्वी, भयावह, अवर्णनीय अशी विशेषणं मी सरळ तांबड्या पेन्सिलनं खोडतो. नलोपाख्यानात दमयंतीसमोर एकसारखे पाच नल उभे असतात, त्यातले चार देव. तिच्या विनवणीनंतर देव आपली लक्षणं दाखवतात: अंगाला घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातले हार कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. खऱ्या नलाची सावली पडते, त्याच्या अंगावर धूळ आहे. यात एकही दिव्य विशेषण लागलेलं नाही. देव कळतात ते शरीरात काय कमी आहे त्यावरून. तुमच्या भुतासाठी अशी दोन लक्षणं शोधा, जी खोलीतल्या माणसाला दिवा न लावताही जाणवतील. आमच्या मेलेल्या माणसाचं बघा: तो बोलतो पण श्वास घेत नाही. म्हणजे तो वाक्याच्या मध्ये दम खायला थांबत नाही. त्याचे संवाद लिहिताना स्वल्पविराम काढून टाका आणि वाचून बघा.

त्या जगात जन्मलेल्यांना हे सगळं नवल वाटता कामा नये. रातकारकुनाला झोप येते. शेजारीण मुलाला दटावते, "एवढं बोलायचंय तर मेल्यावर बोल." मेलेले का बोलतात यावर तिथल्या लोकांचं एकमत नसावं. वैद्य एक सांगेल, पुजारी दुसरं, आणि कुठलंतरी घराणं मेलेल्याच्या तोंडात बोळा कोंबून मोकळं होईल, कारण त्यांना ऐकायचंच नाही. या वादाचा निकाल लेखकानं लावू नये. दोन पात्रांना माहीत असलेली गोष्ट त्यांनी एकमेकांना समजावून सांगायची नाही, हेही जाता जाता सांगतो; "तुला तर ठाऊकच आहे की" अशी सुरुवात झालेला प्रत्येक संवाद कापा.

आणि सुरुवात नियमानं करू नका, प्रस्तावनेतल्या प्राचीन युद्धानं तर नकोच. रातकारकून उशिरा पोचलाय. दुसरा आलेलाच नाही. उजाडायला दोन तास उरलेत, फीवरून धाकटा घासाघीस करतोय, आणि खाटेवरची मेलेली बाई म्हणतेय की आधी थोरल्याला खोलीबाहेर काढा मग बोलते. इथून लिहायला लागा. दुसरा कारकून का हवा, उजाडण्याची घाई कशाची, हे वाचकाला त्या भांडणातूनच कळू द्या; तिसऱ्या पानापर्यंत कळलं नाही तर भांडण पुन्हा लिहा, खुलासा जोडू नका.