घरात इंद्रजाल आहे? मग हे आधी वाचा

काचेच्या फ्रेममधली काळी जाळीदार फांदी, दाराच्या वर लावलेली, नजर लागू नये म्हणून. ती वनस्पती नाय, ते समुद्रातलं प्रवाळ आहे, म्हणजे कायद्याने वन्यप्राणी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शेड्युल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, वाघाच्या रांगेत. समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, समुद्रघोडा पण तिथेच.

लोकांना वाटतं शिकार केली तरच गुन्हा. तसं नाय, नुसतं घरात ठेवलं तरी गुन्हा. शेड्युल एकला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं जेल, वर दंड किमान २५ हजार, आणि गुन्हा अजामीनपात्र. "मला माहीत नव्हतं, मावशीने गिफ्ट दिलं" हे चालत नाय, कारण वस्तू तुमच्याकडे सापडली की ती बेकायदा आहे असंच धरतात, आणि नाय हे तुम्हीच सिद्ध करायचं. ज्या गाडीतून, होडीतून माल नेला ती पण जप्त होते.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती अंबरग्रीसमध्ये, लोक ज्याला व्हेलची उलटी म्हणतात. कोणीतरी व्हॉट्सअपवर सांगतो किलोला करोड मिळतात, मग भाई गिऱ्हाईक शोधत फिरतो आणि गिऱ्हाईक निघतो साध्या वेशातला पोलीस. ठाणे पोलिसांनी असे सौदे करणारे किती वेळा पकडलेत. आपल्याकडे याची खरेदी-विक्री बंदच आहे, माल असली असो की मेणाचा गोळा, लांब राहा.

आता तुमच्याकडे असं काही आलंच तर काय करायचं? विकू नका, ओएलएक्सवर टाकू नका, मित्राकडे लपवायला देऊ नका, तो पण अडकेल. ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवा, १९२६ वर फोन लागतो. वस्तू देताना लेखी पोच मागा, लाजू नका, उद्या तोच कागद कामाला येणार. जुनी गोष्ट असेल, ४८ तास कधीचेच उलटलेत, तर आधी वकिलाशी बोला आणि मग जा.

दिवाळे, चेंदणी कोळीवाड्यातल्या दादांनो, जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन आलं तर जाळं कापून सोडा, आणि कापताना फोटो, व्हिडिओ काढायला पोराला सांगा, कारण फाटलेल्या जाळ्याला सरकारकडून २५ हजारापर्यंत भरपाई आहे पण पुरावा लागतो. मेलेलं आलं तरी कळवायचं, किनाऱ्यावर आणून वाटे घालायचे नाय.