परदेशी रेसिडेन्सी: काम परतीच्या तिकिटावरून ठरवा

नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांचा रेसिडेन्सीबद्दल (म्हणजे परदेशातल्या संस्थेत ठरावीक काळ राहून काम करण्याबद्दल) पहिला प्रश्न हमखास पोर्टफोलिओचा, म्हणजे निवडक कामांच्या संचाचा असतो. निवड झाल्यावर मात्र काम अडतं ते तीन साध्या गोष्टींवर: व्हिसाचे दिवस, ओला रंग आणि सामानाचा आकार. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी परतीची तारीख धरून उलटा हिशेब मांडा.

पोर्टफोलिओचं थोडक्यात. दहा-बारा कामं पुरतात, पण ती एका धाग्यातली हवीत. प्रत्येकाखाली शीर्षक, माध्यम, सेंटीमीटरमध्ये आकार (आधी उंची, मग रुंदी) आणि साल. फोटो सकाळी, सावलीतल्या उजेडात काढा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात कॅनव्हास चकाकतो आणि गडद रंग मरतात. जागा शोधायला रेझ आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या संस्थांच्या रेसिडेन्सींच्या याद्या आहेत. स्वित्झर्लंडसाठी प्रो हेल्वेत्सिया या स्विस कला परिषदेचं दिल्ली कार्यालय आणि ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट यांच्याकडेही लक्ष ठेवा. निवडीचं पत्र आलं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. काही ठिकाणी फक्त स्टुडिओ मिळतो, काही ठिकाणी फी भरावी लागते, तर साहित्याचे पैसे पुष्कळदा बिलं दाखवल्यावर हातात येतात. पहिल्या महिन्याचा खर्च जवळ ठेवूनच निघा.

आता दिवस. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, अल्प मुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे बोलायला तीन महिने, मोजायला ९२ दिवस! अशा वेळी दोन दिवस कमी करून घ्या, नाहीतर दीर्घ मुदतीचा व्हिसा मागा. त्याला कागद जास्त आणि वेळही जास्त. अल्प मुदतीचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

सगळ्यात जास्त फसवतं ते तैलरंगाचं वाळणं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, आणि त्याला ऊब व उजेड लागतो. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये पातळ थर दोन-चार दिवसांत हाताला लागेनासा होतो. बर्लिनच्या नोव्हेंबरमध्ये आठवडा उलटला तरी बोटाला रंग येतो. डिसेंबरात तिथे दिवस आठ तासांहूनही छोटा. बर्न्ट अंबर त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन रेंगाळतात. तैलरंगच हवा असेल तर शेवटचा थर परतीच्या किमान महिनाभर आधी संपवा. किंवा खालचे थर अ‍ॅक्रिलिकमध्ये करून वर तेल लावा. उलटं मात्र कधीही नको. अ‍ॅक्रिलिकचंही एक पथ्य आहे: साधारण दहा अंशांखाली त्याचा पापुद्रा नीट बसत नाही, त्यामुळे थंड गोदामासारख्या स्टुडिओत आधी हीटरची चौकशी करा.

टर्पेंटाइन, थिनर, फिक्सेटिव्हचा (कोळसा-पेस्टल पक्कं करणारा) स्प्रे यांतलं काहीही विमानात चालत नाही. तैलरंगाच्या ट्यूब सहसा चालतात, पण कंपनीचं सुरक्षा पत्रक छापून त्यांच्यासोबत चेक-इन सामानात ठेवा. अडवलं तर तेच कामी येतं. द्रावणं तिथेच विकत घ्या. आणि ती बेसिनमध्ये ओतायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगतील. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाण्यात बुडवून. प्रिंट वर्कशॉप वापरायचं असेल तर आधी तिथल्या तंत्रज्ञाकडून ओळख-सत्र करून घ्यावं लागतं आणि यंत्राची वेळ नोंदवावी लागते. ही नोंदणी पहिल्या आठवड्यातच करा, शेवटी सगळेच धावतात.

नागपूरच्या बर्डी बाजारातून अडॅप्टर घेतला तरी तो फक्त पिन जुळवतो, अमेरिकेत व्होल्टेज १२०च असतं. आपली २३०ची हीट गन तिथे नीट तापतच नाही.

परतीचं काम न्यायला सोपं ठेवा. बऱ्याच विमान कंपन्या चेक-इन नगाची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा धरतात. म्हणजे १५ सेंटीमीटर जाडीच्या नळीची लांबी १२८च्या आत. कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा, नाहीतर रंगाला सुरकुत्या पडतात. लाकडी खोक्याने पाठवायचं असेल तर लाकडावर आयएसपीएम १५चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का आहे का ते पाहा. कामांची फोटोसह यादी आणि संस्थेच्या लेटरहेडवर 'कलाकाराने स्वतः केलेली कामं' असं पत्र, दोन प्रती, हातातल्या बॅगेत.

उन्हाळ्यात परतत असाल तर अ‍ॅक्रिलिकवर थेट बबल रॅप नको. पंचेचाळीस अंशांत रंग मऊ होतो आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. मध्ये सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद घाला, आणि घरी पोहोचल्याबरोबर गुंडाळी सोडून कॅनव्हास सपाट पसरा.